निम्फेनबुर्गचा ग्रीष्मप्रासाद व त्याचें उपवन : एक परीक्षण

जर्मनीच्या दक्षिण भागांत बव्हेरिया प्रांताची राजधानी म्यूनिक हें शहर आहे. त्याच्या पश्चिम अंगास निम्फेनबुर्ग नांवाचा एक प्रासाद असून त्यास लागून सुमारें १८० हेक्टर विस्ताराचें, तटानें वेढलेलें उपवन आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या शहरीं राहत असल्यामुळें आम्हांस तेथें दोन महिने काढण्याचा योग आला, व त्या अवधींत हें स्थळ आम्हीं अनेक वेळां, हातांत नकाशा घेऊन, पायीं फिरून पाहिलें. त्याविषयीं जें कांहीं वाचावयास व ऐकावयास मिळालें त्यांत दोन मतें वारंवार आढळलीं. पहिलें असें कीं, हा प्रासाद म्हणजे फ्रान्समधील व्हर्सायची एक नक्कल होय. दुसरें असें कीं, येथील बाग मूळची कृत्रिम होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती मोडून तेथें नैसर्गिक शोभेचें उपवन करण्यांत आलें. हीं दोन्ही मतें आमच्या समजुतीप्रमाणें अर्धवट खरीं आहेत. निखालस खोटें मत एका पुराव्यानें पडतें. अर्धवट खरें मत मात्र आपल्या खऱ्या अर्ध्याच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या उभें राहतें, आणि म्हणून तें इतिहासास अधिक बाधक होतें. या दोन मतांची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दप्तरें, शकावल्या व बखरी यांना वाहिलेल्या या पानांत परदेशच्या एका राजवाड्याची चिकित्सा कशास, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, वास्तु हाही एक प्रकारचा कागदच आहे. त्यावरही एका हाताचें लेखन दुसऱ्या हातानें खोडलेलें असतें, समासांत मागाहून भर घातलेली असते; आणि मूळ मजकूर कोणता व क्षेपक कोणता हें ठरविण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच लागू पडतात.

प्रथम कालक्रम पाहूं. बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांस इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकींत मत देण्याचा अधिकार असलेला संस्थानिक, अशी पदवी होती. इलेक्टर फर्डिनांड मारिया व त्याची राणी, सव्हॉय घराण्यांतील हेन्रिएट आडेलाइड, यांस विवाहानंतर बरींच वर्षें पुत्र नव्हता. इ. स. १६६२ मध्यें पुत्र झाला. तोच पुढील इतिहासांतील माक्स इमान्युएल. त्या आनंदाप्रीत्यर्थ दोन कामें निघालीं. शहरांत थिएटिन पंथाच्या साधूंचें देवालय, आणि शहराबाहेर राणीसाठीं उन्हाळ्यांत राहण्याचें घर. दोन्हींचा पहिला स्थपति बोलोन्याचा आगोस्तीनो बारेल्ली हाच होता. ग्रीष्मगृहाचें काम इ. स. १६६४ मध्यें सुरू झालें, व राणीनें आपल्या इटालियन भाषेंत त्यास वनदेवतांची वसाहत अशा अर्थाचें नांव दिलें. 'निम्फेनबुर्ग' हें त्याच कल्पनेचें जर्मन रूप.

आतां व्हर्सायचें काय तें पाहूं. इ. स. १६६४ मध्यें तेथें बागेचें काम चालू झालें होतें, परंतु प्रासाद म्हणावा असें कांहीं नव्हतें. चौदाव्या लुईच्या बापानें बांधलेला शिकारीचा वाडा होता. त्याच्याभोंवतीं मोठें बांधकाम निघालें तें इ. स. १६६८ पासून, आणि दरबार तेथें कायमचा गेला तो इ. स. १६८२ मध्यें. जी वस्तु अद्याप झालेलीच नाहीं तिची नक्कल कोणी कशी करावी? बारेल्लीनें बांधलेली मूळ इमारत एकच, घनाकार, उंच व आटोपशीर अशी आहे. तिचें मूळ शोधावयाचें तर तें राणीच्या माहेरीं, पिडमाँटमधील राजघराण्याच्या शिकारवाड्यांत व ग्रीष्मगृहांत शोधलें पाहिजे. सुनेनें माहेरची चाल सासरीं आणावी, तसा हा प्रकार आहे.

पण एवढ्यावरून व्हर्सायचा संबंध मुळींच नाहीं असें म्हणणाराही चुकेल. हेन्रिएट आडेलाइड इ. स. १६७६ मध्यें वारली. तिचा पुत्र माक्स इमान्युएल याची महत्त्वाकांक्षा मोठी होती. इ. स. १७०१ पासून त्यानें मूळ इमारतीच्या उत्तरेस व दक्षिणेस सुट्या इमारती उभारून त्या दालनांनीं मध्यभागाशीं जोडण्याचें काम एन्रिको झुक्काल्ली याच्याकडून चालविलें, आणि व्हुर्म नदीचें पाणी कालव्यानें आणून बागेचा विस्तार आरंभिला. तेवढ्यांत स्पेनच्या वारसाहक्काचें युद्ध पेटलें. माक्स इमान्युएल फ्रान्सच्या बाजूस मिळाला, इ. स. १७०४ मध्यें होख्श्टेटच्या लढाईंत पराभूत झाला, आणि राज्य सोडून परागंदा झाला. काम अर्धवट पडलें. तो परत आला तो इ. स. १७१५ मध्यें. येतांना त्याच्याबरोबर फ्रेंच अभिरुचि आली. योजेफ एफ्नर हा दाखाऊ येथील राजबागेच्या माळ्याचा मुलगा. त्यास इलेक्टरनें स्वतःच्या खर्चानें पॅरिसला शिक्षणास ठेविलें होतें. दोमिनिक जिरार हा ले नोत्रच्या तालमींतला, व्हर्सायच्या जलयंत्रांवर काम केलेला गृहस्थ. या दोघांच्या हातून पुढील रचना झाली. म्हणजे व्हर्सायवादी मत इ. स. १७१५ नंतरच्या थरास लागू आहे, इ. स. १६६४ च्या थरास नाहीं.

तोही थर नक्कल म्हणावा असा नाहीं. व्हर्सायला प्रासाद एकसंध भिंतीसारखा बागेवर दाब टाकतो. येथें मध्यभागीं जुनें घनाकार घर तसेंच ठेवून दोन्ही बाजूंस लहान-मोठीं घरें ओळीनें मांडलीं आहेत. कार्ल आल्ब्रेख्ट या पुढील इलेक्टरनें शहराच्या बाजूस अर्धवर्तुळाकार आवार करून त्या ओळीस पुरेपणा आणला. सर्व मिळून लांबी सहाशें मीटरांहून अधिक भरते, तरी पाहणाऱ्यास ती एक इमारत न वाटतां एक वसाहत वाटते. राणीनें दिलेल्या नांवाचा अर्थ साठ-सत्तर वर्षांनीं असा खरा झाला. दोषही येथेंच आहे. दुरून पाहतां ही ओळ विसकळित दिसते, आणि मध्यभाग तिला आवरून धरण्यास पुरेसा भारदस्त नाहीं. आईच्या घरास मुलाच्या महत्त्वाकांक्षेचें ओझें पेलावें लागलें आहे.

या रचनेचा प्राण पाण्यांत आहे. पश्चिमेकडून आणलेलें पाणी धबधब्याच्या दगडी पायऱ्यांवरून उतरून एका सरळ, लांब कालव्यांत पडतें. तो कालवा बागेच्या मध्यरेषेवरून प्रासादाकडे येतो, फुलबागेपाशीं दुभंगतो, व शहराच्या बाजूस त्याचीं दोन्ही अंगें पुन्हा एकत्र होऊन पुढें कालवा शहराकडे जातो. प्रासादाच्या मुख्य दालनांत, ज्यास पाषाणदालन म्हणतात, मधोमध उभें राहिलें म्हणजे एका खिडकींतून पश्चिमेचें पाणी व दुसरींतून पूर्वेचें पाणी दिसतें. छतावर योहान बाप्टिस्ट त्सिमरमान यानें इ. स. १७५५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत काढलेलीं चित्रें आहेत. तीं पाहण्यास लोक माना वर करितात. आमच्या मतें त्या दालनाचें खरें चित्र खिडक्यांत आहे.

उपवनांत चार लहान वाडे आहेत : पागोदेनबुर्ग (१७१६ ते १७१९), बादेनबुर्ग (१७१८ ते १७२२), माग्दालेनेनक्लाउझे (१७२५ ते १७२८) व आमालियेनबुर्ग (१७३४ ते १७३९). पहिले तीन एफ्नरचे, चौथा फ्रांस्वा क्युव्हिये याचा. यांपैकीं पहिल्याच्या नांवाशीं आपला थोडा संबंध पोंहोंचतो. पोर्तुगीज लोक गोवें व मलबार किनाऱ्यावरील देवळांस व देवमूर्तींस 'पागोद' म्हणत; आपल्या सोन्याच्या होनासही युरोपीय व्यापारी 'पॅगोडा' म्हणत, हें वखारींचे कागद वाचणारांस माहीत आहेच. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं मतभेद आहेत; कोणी 'भगवती' कडे, तर कोणी फारशी 'बुतकदा' कडे बोट दाखवितात. हा शब्द फिरत फिरत म्यूनिकला पोंहोंचला तेव्हां त्यांत पूर्वेकडील कोणती तरी देवमूर्ति, बहुधा चिनी, एवढाच अर्थ उरला होता. वाड्याच्या बाहेरील अंगास पूर्वेचा स्पर्शही नाहीं. फ्रेंच वळणाचे भित्तिस्तंभ आहेत. आंत खालच्या मजल्यावर डच पद्धतीच्या निळ्यापांढऱ्या लाद्या, वर लाखकामाची चिनी खोली. तिसऱ्या वाड्याची मौज निराळी. माग्दालेनेनक्लाउझे हें एकांतवासाचें ठिकाण, आणि तें मुद्दाम पडक्या इमारतीसारखें बांधलें आहे. भिंतींना भेगा आहेत, गिलावा गळून विटा उघड्या पडल्या आहेत, आणि हें सर्व गवंड्यांनीं पहिल्या दिवसापासून तसेंच केलेलें आहे. आंत शिंपल्यांनीं व रंगीत खड्यांनीं मढविलेलें गुहेच्या आकाराचें प्रार्थनास्थळ आहे. तें पुरें होण्यापूर्वींच, इ. स. १७२६ मध्यें, माक्स इमान्युएल मरण पावला.

या पडक्या घरापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों, तो त्याच्या कौशल्यामुळें नव्हे. इ. स. १७०५ च्या नाताळांत बव्हेरियाच्या दक्षिण भागांतील शेतकरी ऑस्ट्रियाच्या अंमलाविरुद्ध उठून म्यूनिकवर चालून आले. त्यांचा राजा तेव्हां परमुलखांत सुरक्षित होता. शहराजवळील झेंडलिंग गांवीं त्यांची कोंडी झाली, आणि शस्त्रें खालीं ठेविल्यावरही त्यांची कत्तल झाली. एक हजारांहून अधिक लोक मारले गेले. राजा परत आल्यावर वर्षभरांत पागोदेनबुर्गचें काम निघालें, आणि त्याच्या मृत्यूनंतर राज्यावर प्रचंड कर्ज उरलें. ज्या राज्यांत घरें खरोखर जळलीं व ओस पडलीं, त्या राज्याच्या राजानें आपल्या वैराग्यासाठीं पडकें घर नव्यानें बांधवून घ्यावें, यावर अधिक भाष्य नको. कलेच्या परीक्षणांत हा हिशेब घेऊं नये असें म्हणणारे आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. हिशेब घेतल्यानें शिंपल्यांची कारागिरी कमी होत नाहीं. ती कोणाच्या जिवावर झाली एवढें कळतें, आणि तें कळणें हा इतिहासाचा भाग आहे.

मात्र या पडक्या घरास 'खोटें' म्हणतां येईल काय? येथें याच प्रासादाच्या नांवावरील एका कागदाची आठवण होते. इ. स. १७४१ च्या मे महिन्यांत बव्हेरिया व स्पेन यांमधील तह येथें झाला, हें खरें. परंतु त्याच सुमारास फ्रान्स व बव्हेरिया यांच्यांतही येथेंच एक गुप्त करार झाला असें बरेच दिवस मानलें जाई, व त्याचा मजकूरही फिरत होता. एकोणिसाव्या शतकांत जर्मन संशोधकांनीं तो मजकूर बनावट असल्याचें दाखविलें. आतां दोहोंची तुलना करावी. पडकें घर पाहणारास फसवूं इच्छीत नाहीं. त्याच्या भेगा इतक्या नीटस आहेत कीं, पाहणारास त्यांतील खेळ कळावा हीच इच्छा. बनावट तहनामा मात्र आपण बनावट आहों हें लपवितो, आणि लपला तरच त्याचें काम होतें. सोंग आणि खोटेपणा यांतील भेद हाच. सोंग घेणाऱ्याचा मुखवटा दिसत असतो.

हा भेद मनांत ठेवून दुसऱ्या मताकडे वळूं. इ. स. १८०४ पासून फ्रीड्रिख लुडव्हिग फोन स्केल यानें या बागेची पुनर्रचना केली. स्केलनें इ. स. १७७३ ते १७७६ या काळांत इंग्लंडांत राहून तेथील नव्या उद्यानपद्धतीचा अभ्यास केला होता. कातरलेल्या झाडांच्या भिंती, वेलबुट्टीच्या आकाराचे वाफे व रांगेनें कारंजीं हीं त्यानें काढून टाकलीं. गवताचीं मैदानें, वळणाच्या वाटा, झाडांचे पुंजके व दोन सरोवरें त्यानें निर्माण केलीं. यावरून लोक म्हणतात कीं, कृत्रिम गेलें व नैसर्गिक आलें. परंतु हीं सरोवरें मजुरांनीं खणलेलीं आहेत. झाडांचा प्रत्येक पुंजका हेतुपूर्वक लाविलेला आहे. वाटेचें वळण स्केल स्वतः हातांत अणकुचीदार काठी घेऊन, चालतां चालतां जमिनीवर रेघ ओढून ठरवीत असे, व मागून येणारे मजूर त्या रेघेवर खुणा करीत. ही रीत त्यानें इ. स. १८१८ च्या आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. तटाला जागोजाग खिंडारें ठेवून त्यांच्यापुढें चर खणले आहेत, म्हणजे भिंत दिसत नाहीं आणि बाहेरचा मुलूखही बागेचाच भाग वाटतो. त्याच काळांत योझेफ फोन बाडर यानें बसविलेलीं पाण्याचीं यंत्रें आजही कारंजीं उडवितात. अशा या रचनेस 'नैसर्गिक' म्हणणें म्हणजे सोंग इतकें उत्तम वठलें कीं, मुखवट्यासच चेहरा म्हणण्यासारखें आहे.

येथें आम्हांस आमच्या शिक्षकी पेशांतील एक चूक कबूल करावीशी वाटते. 'कृत्रिम' म्हणजे 'खोटें, बनावट' असा अर्थ आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितला. पाणिनीच्या व्याकरणाप्रमाणें हा शब्द 'कृ' धातूपासून सिद्ध होतो, आणि त्याचा मूळ अर्थ 'करण्यानें निष्पन्न झालेलें' एवढाच आहे. धर्मशास्त्रांत बारा प्रकारच्या पुत्रांत 'कृत्रिम पुत्र' सांगितला आहे. तो खोटा पुत्र नव्हे. तो शास्त्रास मान्य असा, केलेला पुत्र होय. मराठींत हा शब्द निंदावाचक झाला, आणि त्या निंदेच्या चष्म्यांतून आपण बागेकडे पाहूं लागलों. जिराराची बाग कृत्रिम होती, स्केलची बागही कृत्रिमच आहे. पहिली आपला कर्ता कोण हें मोठ्यानें सांगत होती. दुसरी तें हळूं आवाजांत सांगते. याहून अधिक भेद त्यांच्यांत नाहीं.

मग स्केलचें खरें श्रेय कोणतें? त्यानें काय केलें यापेक्षां त्यानें काय मोडलें नाहीं, यांत तें आहे. मधला कालवा, धबधबा, दुतर्फा जाणाऱ्या पाण्याच्या वाटा आणि प्रासादासमोरील मोकळा चौक हा जुन्या बागेचा सांगाडा त्यानें तसाच ठेविला. आपलीं सरोवरें त्यानें त्या रेषेच्या उत्तरेस व दक्षिणेस, दाट झाडीच्या आड ठेविलीं. जुनें लहान वाडे त्यानें पाडले नाहींत. नव्या सरोवरांच्या कांठीं ते असे बसविले कीं, पागोदेनबुर्ग व बादेनबुर्ग यांचीं नांवें आतां त्या पाण्यांसही लागलीं आहेत. यापूर्वीं श्वेत्सिंगेन येथेंही त्यानें जुनी बाग राखून कडेनें नवी केली होती. म्हणून हा संयम आकस्मिक नव्हता असें म्हणण्यास आधार आहे. त्या काळीं नव्या पद्धतीच्या आवेशांत युरोपांत अनेक जुन्या बागा समूळ गेल्या. नवें मत हातीं असतां जुन्याचा सांगाडा राखणें हें कठीण काम होतें, व तें त्यानें केलें.

तथापि त्याच्या पदरीं दोष घातलाच पाहिजे. प्रासादासमोरील चौकांतील वेलबुट्टी काढून तेथें त्यानें साधें गवत व कडेनें फुलांची पट्टी ठेविली. उपवनाच्या आंतल्या भागांत जी साधेपणाची शोभा आहे ती येथें उणेपणा होते. इतक्या लांबलचक इमारतीपुढें एवढें सपाट गवत पाहिलें म्हणजे नक्षीचा शालू उतरवून साध्या लुगड्यावर दरबारांत बसविल्यासारखें वाटतें. इमारतीचा विसकळितपणा, ज्याचा वर उल्लेख केला, तो झांकण्याचें काम पूर्वीं ती नक्षी करीत असली पाहिजे. ती गेल्यावर तो उघडा पडला. म्हणजे आज जो दोष आपण स्थपतींच्या माथीं मारतों, त्याचा कांहीं वांटा उद्यानकाराकडे जातो.

कोणत्या थरास 'खरें निम्फेनबुर्ग' म्हणावें, हा प्रश्न आतां उरतो. आमच्या मतें तो प्रश्नच चुकीचा आहे. राणीचें घर, पुत्राचा विस्तार, नातवाचें आवार व आमालियेनबुर्ग, स्केलचीं सरोवरें, आणि बादेनबुर्गच्या सरोवराकांठीं लेओ फोन क्लेन्झे याच्या योजनेप्रमाणें इ. स. १८६५ पर्यंत पुरें झालेलें वर्तुळाकार मंदिर, हे सर्व पाठ एकाच पोथींत आहेत. त्यांतील एक पाठ पसंत करून बाकीचे खरवडून काढणारा संपादक पोथी शुद्ध करीत नाहीं. तो पुरावा नाहींसा करितो. संपादकाचें काम प्रत्येक पाठाखालीं त्याचा काळ व हात लिहिणें हें आहे. 'अमुक सालीं अमक्यानें बांधलें' अशी एकच ओळ लिहून मोकळें होणें सोपें असतें, पण त्या एका ओळीनें दोनशें वर्षांतील पांच-सात माणसांची साक्ष पुसली जाते.

इ. स. १७९२ पासून हें उपवन लोकांस खुलें आहे. इ. स. १९१८ मध्यें राजसत्ता संपली. तेव्हांपासून तेथें फिरणाऱ्या माणसास कोणाच्या मेहरबानीची गरज उरली नाहीं. शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही कालव्याच्या कांठानें धबधब्यापर्यंत गेलों व मागें वळून पाहिलें. पाण्याच्या टोकास, मैलभर अंतरावर, राणीचें घनाकार घर तेवढें उठून दिसत होतें. दोन्ही बाजूंची लांब ओळ झाडींत विरून गेली होती. तीन राजांचा पसारा व एका उद्यानकाराची बुद्धि खर्च होऊनही, त्या जागेवरून पाहणाऱ्यास इ. स. १६६४ चा पहिला पाठ स्वच्छ वाचतां येतो, आणि तो वाचतां यावा अशी सोय पुढच्यांनींच ठेविली आहे. जुन्या वस्तूंवर काम करणाऱ्या सर्वांनीं, मग तें काम कुदळीचें असो वा लेखणीचें, एवढी सोय पुढच्यांसाठीं ठेवावी, अशी अपेक्षा व्यक्त करून हें परीक्षण येथेंच पुरें करितों.